दहा बाय पंधराची चौकट

१९७०च्या दशकात मुंबई महापालिकेने इतर ठिकाणांहून उठवलेल्या लोकांना गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये घरे दिली नाहीत, दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट आखून दिले. सरळ गल्ल्या, रांगेने प्लॉट. बाकी तुमचे तुम्ही बघा. लोकांनी आधी पत्रे ठोकले, पैसे साठले तशा विटा आणल्या, पोटमाळा काढला, खाली शिलाई मशीन किंवा जरीचे काम मांडले. चौदा फुटांच्या वर जायचे नाही हा पालिकेचा दंडक किती जणांनी पाळला, ते तिथल्या ठेकेदारांना विचारावे.

वेब अ‍ॅप्लिकेशन बांधणारा आज असाच प्लॉट घेऊन कामाला लागतो. एक कमांड दिली की फोल्डर, लॉगिनचे पान, चाचण्यांची सोय, सगळे आखून मिळते. याला स्टार्टर टेम्प्लेट म्हणतात आणि ही सवय बरीच जुनी आहे. २००४ साली आलेल्या रुबी ऑन रेल्सने यादी आणि फॉर्म यांची पाने आपोआप काढून दाखवली, तेव्हा जाणती मंडळीही चकित झाली. २०१०मध्ये एचटीएमएल५ बॉयलरप्लेट आले, पुढच्याच वर्षी ट्विटरमधून बूटस्ट्रॅप. मग काही वर्षे निम्म्या जगाच्या वेबसाइट सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

२०१६मध्ये फेसबुकने क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप काढले. त्याची तऱ्हा वेगळी होती. आतली जोडणी झाकलेली. ती उघडायची तर ‘इजेक्ट’ करायचे आणि एकदा केले की परतीची वाट नाही. ही प्लॉटची रीत नव्हे, तयार फ्लॅटची. गोवंडीने तीही पाहिली आहे. नटवर पारेख कंपाउंडच्या पुनर्वसन इमारतींत लोकांना २२५ चौरस फुटांची पक्की घरे मिळाली, पण इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचेना. तिथला क्षयरोग आणि इमारतींची रचना यांचा संबंध २०१८च्या एका अभ्यासाने दाखवला. भिंत हलवायची मुभा रहिवाशाला नव्हतीच.

म्हणून आमचे मत प्लॉटच्या बाजूने आहे. नवशिक्याने टेम्प्लेट जरूर घ्यावे, पण जे उघडून, मोडून, पुन्हा जोडता येईल तेच.

अर्थात प्लॉटचे गोडवे गाताना नळाचा विसर पडू नये. शिवाजीनगर ज्यात येते तो एम-पूर्व विभाग २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सर्वांत खाली होता. रेघा आखणारे आखून गेले. पाणी, गटार, कचरा यांचा हिशेब मागे राहिला. टेम्प्लेटच्या पोटातही शेकडो परकी पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडचे तयार तुकडे, असतात. मार्च २०१६मध्ये एकाने ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज काढून घेतले आणि जगभरचे प्रकल्प अडले. फेब्रुवारी २०२५मध्ये क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपही अधिकृतपणे निवृत्त झाले. त्यावर उभी असलेली अ‍ॅप्लिकेशने मात्र चालूच आहेत, ज्याची त्याने सांभाळायची.

सार्वजनिक पैशातून पोर्टल बांधून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने निविदेत आधी विचारावे: पाच वर्षांनी ही पॅकेजेस कोण बदलणार आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून? उत्तर येईपर्यंत रंगसंगतीची चर्चा थांबली तरी चालेल.