तपासणी स्वस्त, शंका महाग

मोबाइलवर मधुमेहाविषयी एखादा मजकूर वाचावा किंवा घरातल्या कुणासाठी थायरॉइडच्या गोळीची माहिती शोधावी, की पुढचे आठ दिवस जाहिरातींचा ससेमिरा मागे लागतो. ‘हजार रुपयांत ऐंशी तपासण्या, नमुना घरून नेऊ, सवलतीचा आज शेवटचा दिवस.’ त्यापाठोपाठ ओळखीच्या चेहऱ्याची रील येते. दंडावर कापसाचा बोळा दाबून धरलेली हसतमुख तरुणी सांगते, ‘मी केली, तुम्हीही करा, माझा कोड वापरलात तर आणखी सूट मिळेल.’ समाजमाध्यमांवर चपला आणि शाम्पू ज्या पद्धतीने खपतात, त्याच पद्धतीने आता रक्ततपासण्या खपू लागल्या आहेत. फरक एवढाच, की न आवडलेली चपल परत करता येते. अहवालातून घरात शिरलेली शंका सहजासहजी परत जात नाही.

या बाजारपेठेचे मोजमाप करणारा एक अभ्यास सिडनी विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इन्स्टाग्राम आणि टिकटॉकवरील ९८२ पोस्ट त्यासाठी तपासण्यात आल्या. त्या पाच तपासण्यांविषयी होत्या : संपूर्ण शरीराचा एमआरआय, रक्तावरून अनेक कर्करोग शोधण्याची चाचणी, स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच चाचणी, आतड्यांतील जिवाणूंची चाचणी आणि टेस्टोस्टेरॉन. या खात्यांच्या अनुयायांची एकत्रित संख्या सुमारे २० कोटी होती. ८७ टक्के पोस्टमध्ये तपासणीचे फायदे सांगितले होते. संभाव्य तोट्यांचा उल्लेख जेमतेम १५ टक्क्यांत होता, आणि गरज नसताना रोगाचे निदान होण्याचा धोका सहा टक्क्यांच्या आसपास पोस्टमध्येच सांगितला होता. ६८ टक्के खातेधारकांचे त्या तपासणीशी कोणते ना कोणते आर्थिक हितसंबंध होते.

यातली ठळक बाब म्हणजे खोटेपणा नव्हे, तर एकांगीपणा. यांपैकी बऱ्याच पोस्टमध्ये उघड असत्य असे काही नसते. तपासणी होते, अहवाल येतो, कधी कधी आजार लवकर सापडतोही. पण नाण्याची दुसरी बाजू दाखवलीच जात नाही, कारण ती दाखवल्याने विक्री वाढत नाही.

ती दुसरी बाजू साध्या गणिताने समजते. प्रयोगशाळेच्या अहवालात प्रत्येक आकड्यासमोर जी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते, ती बहुतेक वेळा निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात त्यावरून ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा या पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता पाच टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर निदान एक आकडा लाल रंगात येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर पोहोचते. ६० तपासण्यांमध्ये ती ९५ टक्के होते. प्रत्यक्षात अनेक आकडे परस्परांशी जोडलेले असल्याने हे प्रमाण थोडे कमी भरते, पण दिशा तीच राहते. पॅकेज जितके मोठे, तितकी निरोगी माणूस ‘रुग्ण’ ठरण्याची शक्यता अधिक.

‘ऐंशी तपासण्या’ हा आकडाही जाहिरातीच्या सोयीने फुगवलेला असतो. रक्तपेशींच्या एकाच नेहमीच्या तपासणीतून वीसेक आकडे निघतात. कोलेस्टेरॉलचे प्रकार आणि त्यांची एकमेकांशी काढलेली गुणोत्तरे वेगवेगळी मोजली, की आणखी सात-आठ. यकृत आणि मूत्रपिंडाचेही तसेच. ग्राहकाला वाटते ऐंशी गोष्टी तपासल्या. प्रत्यक्षात रक्ताच्या दोन-तीन नळ्यांवर केलेल्या मोजक्या चाचण्या असतात.

मग या पॅकेजांत भर म्हणून जे घातले जाते, त्याचे काय? जीवनसत्त्व ‘ड’ जवळजवळ प्रत्येक यादीत दिसते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने जून २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र निरोगी प्रौढांमध्ये त्याची सरसकट तपासणी करू नये असे म्हटले आहे. ‘कर्करोगाची चाचणी’ म्हणून घातल्या जाणाऱ्या सीए-१२५चे प्रमाण मासिक पाळी, गर्भारपण, गर्भाशयातील साध्या गाठी यांमुळेही वाढते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अशा तपासणीमुळे कमी झाले नाहीत. वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या स्त्रीला एएमएच चाचणीवरून तिच्या प्रजननक्षमतेबद्दल सल्ला देऊ नये, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच स्पष्ट केले. तरीही ‘तुमच्याकडे किती वेळ उरला आहे, जाणून घ्या’ अशा सुरात ही चाचणी पंचविशी-तिशीतल्या मुलींपर्यंत पोहोचवली जाते. संपूर्ण शरीराच्या एमआरआयचेही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये किम कार्दाशियन यांनी अशा एमआरआयची भलामण करणारी पोस्ट टाकली आणि ‘ही जाहिरात नाही’ असेही सोबत लिहिले. त्याच्या चार महिने आधी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने लक्षणे नसलेल्यांना हा एमआरआय सुचवावा इतका पुरावा नाही, असे निवेदन काढले होते.

जास्त शोधले की जास्त सापडते, पण जे सापडले ते सगळेच मारक असते असे नाही. दक्षिण कोरियाचा अनुभव याबाबत बोलका आहे. तेथे राष्ट्रीय कर्करोग तपासणीच्या जोडीने, थोडे जास्तीचे पैसे भरून थायरॉइडची सोनोग्राफी करून घेण्याची पद्धत रुळली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १५ पट झाले. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि अनेकांच्या नशिबी जन्मभराची गोळी आली. सर्वसाधारण आरोग्यतपासण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेनच्या २०१९ मधील अहवालात अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. अशा तपासण्यांनी एकूण मृत्यूंवर नगण्य परिणाम होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ तपासणीच नको, असा नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांतल्या अनेकांना आपल्या आजाराचा पत्ता नसतो. रक्तदाबाचेही तसेच. या लोकांपर्यंत तपासणी पोहोचायलाच हवी. पण जाहिरातीचा अल्गोरिदम गरज कुणाला आहे हे पाहत नाही, तर विकत कोण घेईल हे पाहतो. ज्याने यापूर्वी ऑनलाइन खरेदी केली, आरोग्याचे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले, एकदा पॅकेज उघडून पैसे न भरता सोडून दिले, त्याच्याकडेच जाहिरात पुन्हा पुन्हा वळते. त्यामुळे पुण्या-मुंबईतला, वर्षातून दोनदा रक्त देणारा तिशीतला नोकरदार तिसऱ्यांदा गाठला जातो आणि मेळघाटातला किंवा ऊसतोडीच्या फडावरचा पन्नाशीतला मजूर एकदाही नाही. शिवाय नमुन्यासोबत ग्राहकाची माहितीही जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात आरोग्यविषयक माहितीसाठी अधिक संवेदनशील असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही, ही बाबही इथे लक्षात घ्यायला हवी.

कायद्याची चौकट नाही असे मात्र नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्या व्यक्तीवर एक ते तीन वर्षे बंदीही येऊ शकते. जानेवारी २०२३ मधील केंद्र सरकारच्या सूचनांनुसार इन्फ्लुएन्सरने पैसे, भेटवस्तू वा सवलत घेतली असेल तर तसे ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक मजकुरासाठी आणखी नियम आले. प्रमाणित डॉक्टर वा तज्ज्ञ असल्यास तसे सांगावे. नसल्यास आपले म्हणणे वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही, हे स्पष्ट करावे. त्याच महिन्यात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांच्या समाजमाध्यमांवरील वर्तनाचे नियमही अधिसूचित केले होते, पण ते समाविष्ट असलेली संपूर्ण नियमावली तीन आठवड्यांत स्थगित झाली.

या नियमांची मर्यादा वर सांगितलेल्या एकांगीपणात आहे. ‘ही जाहिरात आहे’ एवढे लिहिले की नियम पाळला जातो. तपासणीतून काय बिघडू शकते हे सांगण्याची सक्ती कुणावर नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखमीचे वाक्य घाईघाईने का होईना, पण उच्चारावे लागते. आरोग्यतपासणीच्या जाहिरातीत ‘निरोगी व्यक्तीचेही काही आकडे मर्यादेबाहेर येऊ शकतात’ हे एक वाक्य सक्तीचे करायला नवा कायदा लागणार नाही. आहे त्या सूचनांत भर घातली तरी पुरे.

तोवर हे काम ग्राहकालाच करावे लागेल. पॅकेज घेण्याआधी तीन प्रश्न उपयोगी पडतात : माझे वय, लक्षणे आणि घरातला इतिहास पाहून ही तपासणी कुणी सुचवली आहे का? अहवाल वेगळा आला तर पुढे काय करायचे, हे मला ठाऊक आहे का? आणि तपासणी सुचवणाऱ्याला तिच्या विक्रीतून काही मिळते का? तिशीनंतर रक्तदाब, रक्तातील साखर, तसेच तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात समाविष्ट आहे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांमधून ती मोफत मिळते. ही यादी लहान आहे आणि तिची रील कुणी करत नाही. पण बहुतेक प्रौढांनी सुरुवात करायची असेल तर ती याच यादीपासून करावी, आणि पुढचे काय ते अहवाल वाचू शकणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.