आधी सराव, मग वर्ग

2009च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 17ने शाळेत शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली. शिक्षकाच्या हातची छडी गेली, हे योग्यच झाले. परंतु तिच्याविना वर्ग कसा सांभाळावा, याचा सराव त्यास कोणी दिला?

बी.एड.च्या अभ्यासक्रमात सूक्ष्म अध्यापनाचे पाठ असतात. त्या पाच-सहा मिनिटांत सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात आणि कमालीचे शहाणे वागतात. कोणी उलट उत्तर देत नाही, कोणी रुसत नाही. अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने 'टीच-लाइव्ह' नावाचा अभिरूप वर्ग उभारला. तेथे पडद्यावरील पाच आभासी मुले शिक्षकाला अडवतात, खोड्या काढतात; त्यांच्यामागून बोलणारा मात्र खरा माणूस असतो. शिक्षक चुकला, तर तोच प्रसंग पुन्हा घेता येतो. खऱ्या मुलाच्या मनाला लागलेला शब्द असा परत घेता येत नाही.

आपल्याला महागडा पडदा नको. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी दोन दिवस माजी विद्यार्थ्यांनीच बाकांवर बसावे आणि नव्या शिक्षकांसमोर आपले जुने हट्ट, जुने मौन पुन्हा उभे करावे. घरच्या आठवणीने रात्रभर जागलेले मूल सकाळी वर्गात का चिडते, हे निवासी शाळेत वाढलेल्यांहून अधिक कोणास ठाऊक? अशा सरावाने मुलाचे मन पूर्ण कळेल असे नव्हे. पण रागावण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय लागेल. तेवढ्यानेही एखादे मूल शाळेत टिकते.