शिस्त एकट्या पीटीच्या सरांची नाही

शिस्त म्हटली की शाळेत एकच नाव पुढे येतं: पीटीचे सर. व्हरांड्यात दोन मुलं एकमेकांची कॉलर धरून उभी असली, तरी ‘माझा वर्ग नाही’ म्हणत पुढे जाणारे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सिस्टीम बंद पडल्यावर प्रत्येक जण ‘हा माझा कोड नाही’ म्हणाला, तर बिघाड तसाच राहतो. शाळेतही तेच. कोणत्या सरांना उशीर चालतो, हे मुलं लगेच ओळखतात. मग ती नियम पाळत नाहीत, माणूस पाहून वागतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. ‘छडी गेली, शिस्त गेली’ ही तक्रार मला पटत नाही. छडी एकटा माणूस उगारू शकतो. तिच्याशिवाय शिस्त लावायला मात्र सगळे शिक्षक एकत्र यावे लागतात. नियम मोजके हवेत, सर्वांना सारखे हवेत आणि शिक्षकांनी आधी स्वतः पाळायला हवेत. कलम २४ त्यांच्याकडून वक्तशीरपणा आणि पालकांच्या नियमित भेटीही मागतं.

आपल्या वस्त्यांत ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसलेला मुलगा गॅरेजवर पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून मित्रांनो, धाकट्या भावंडांच्या पालकसभेला तुम्हीही जा. मार्कांसोबत एवढंही विचारा: शाळेचे नियम सगळ्या शिक्षकांनी मिळून ठरवलेत का?