दिडकीची किंमत

'त्याला दिडकीची किंमत नाही' असं आपण सहज बोलून जातो. पण दिडकी म्हणजे काय, हे आता घरातल्या चाळिशीच्या माणसांनाही सांगावं लागतं. दिडकीचं नाणं केव्हाच गेलं. दिडकी म्हणजे दीडचा पाढा, तोही गेला. आज लिहायचंय ते या दुसऱ्या दिडकीबद्दल. विषय तसा संगीताचा आहे, पण घाबरू नका, मी काही गाणारी बाई नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांतून पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि गणिताचे गुरुजी रजेवर असले की गणितही. तेवढंच माझं भांडवल.

निमित्त झालं पुण्याच्या नातीचं. ती कीबोर्ड शिकते, पाश्चात्त्य पद्धतीनं, पाच रेघांच्या वहीवर. सगळ्या नवशिक्यांना देतात तशी तिलाही बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली (१८२४) आनंदगीताची धून दिली. या धुनेचे पहिले तीन खंड अगदी सरळ. बारा स्वर, प्रत्येकाला एक मात्रा. चौथ्या खंडात पहिल्या स्वराच्या शेजारी एक टिंब येतं, आणि गाडी रुळावरून घसरते. दोन आठवडे घसरत होती. क्लासमधून आईला निरोप आला, 'मुलीला रिदम सेन्स थोडा कमी आहे.' मग फोनवर तिनंच मला सांगितलं, "आजी, मला तालच नाहीये. मी बंद करते क्लास."

नऊ वर्षांच्या मुलीनं स्वतःबद्दल असा निकाल देऊन टाकावा, हे मला फार लागलं. म्हणून हा लेख.

आधी ते टिंब काय आहे ते बघू. स्वराच्या उजवीकडे टिंब दिलं की त्या स्वराची लांबी निम्म्यानं वाढते. दोन मात्रांच्या स्वराला टिंब दिलं की झाल्या तीन. एकाला दिलं की दीड. अर्धीला दिलं की पाऊण. एका मात्रेला दोन टिंबं दिली, तर दुसरं टिंब पहिल्याच्या निम्मं वाढवतं, म्हणजे पावणेदोन. (आपल्या भातखंडे पद्धतीत टिंबाचा अर्थ अगदी वेगळा. स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पायाशी टिंब म्हणजे मंद्र. दोन्हीकडे शिकणाऱ्या पोरांचा गोंधळ होतो तो इथेच.) धुनेच्या चौथ्या खंडाचा हिशेब असा: दीड, अर्धी आणि दोन. एकूण चार मात्रा. बेरीज बरोबर!

मग अडतं कुठे? बेरजेत नाही अडत. दीड मात्रेचा स्वर चालू असताना मध्येच दुसरी मात्रा येऊन जाते, आणि त्या मात्रेवर वाजवायचं काहीच नसतं. बोट पट्टीवर दाबलेलंच असतं आणि मात्रा गुपचूप निघून जाते. मुलाला ती दिसत नाही, ऐकू येत नाही, मग ते अंदाजानं ठोकतं. कोणी एका मात्रेत उरकतं, कोणी पूर्ण दोन मात्रा धरून बसतं आणि मागचा अर्धीवाला स्वर घाईत कोंबतं.

आपल्याकडे न वाजणारी जागा मोजायची सवय जुनीच आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. खालीला टाळी नाही, पण हात बाजूला जातोच, ती जागा मोजली जातेच. टिंबाच्या स्वरातली लपलेली मात्रा अशीच हातानं दाखवायला हवी.

मी नातीला फोनवर एवढंच सांगितलं की आधी सुट्टे कर. दीड रुपया मोजताना अडायला होत असेल तर तीन अधेल्या मोजाव्यात. तसंच इथे. चार टाळ्या द्यायच्या, पण तोंडानं म्हणायचं 'एक नि, दोन नि, तीन नि, चार नि'. झाल्या आठ अर्ध्या. आता पहिला स्वर तीन अर्ध्यांचा: 'एक, नि, दोन'. 'दोन'नंतरच्या 'नि'वर छोटा स्वर. आणि 'तीन'वर शेवटचा, तो चारच्या 'नि'पर्यंत धरायचा. तेही जड जात असेल तर दोन टाळ्यांत 'तकधिमी' म्हणायचं. 'त' मोठ्यानं, 'क' आणि 'धि' मनातल्या मनात, 'मी' पुन्हा मोठ्यानं. पहिल्या दिवशी कीबोर्डला हातसुद्धा लावायचा नाही, फक्त टाळी आणि तोंड. चार दिवसांनी बोटं.

पण फोनवर एक गोष्ट लक्षात आली, ती सांगण्यासारखी आहे. मी 'दीड मात्रा' म्हटलं तेव्हा ती थबकली. मग म्हणाली, "म्हणजे वन पॉइंट फाइव्ह ना?" लिहायला वन पॉइंट फाइव्ह ठीक आहे, पण ते म्हणेपर्यंतच दोन मात्रा संपतात! दीड हा एक शब्द आहे, एका श्वासात बसणारा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. टिंबांनी तयार होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक लांबीला आपल्याकडे स्वतःचं नाव आहे. आपलं सगळं जगणंच अपूर्णांकात. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेसाती, सव्वा रुपया दक्षिणा, बुद्धिबळातल्या घोड्याची अडीच घरं, आणि प्रत्येक घरात एक तरी दीडशहाणा!

जुन्या शाळेत याचे पाढेच होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची ती औटकी. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. व्यवहारात ते सोयीचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या पाढ्यांचं पोट त्या आण्यांवर आणि शेर-पावशेरांवर चालत होतं. ते गेले, पाढेही हळूहळू गेले. मी तेव्हा लहान होते, पण आमच्या वडिलांनी संध्याकाळी दिव्यापाशी बसवून दिडकी म्हणून घेतली ती घेतलीच. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ. मोठ्यानं म्हणून बघा. एक आकडा अर्ध्यात पडतो, पुढचा पूर्णात. पुन्हा अर्ध्यात, पुन्हा पूर्णात. टिंबाचे स्वर ओळीनं आले की नेमकं हेच होतं. एक स्वर मात्रेच्या मध्ये सुटतो, दुसरा मात्रेवर. आम्ही पाढा पाठ करत होतो आणि लय आयती मिळत होती.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसऐवजी 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? दीड-पावणेदोनच्या पाढ्यांसाठी मात्र कोणी हूं की चूं केलं नाही.

आता अभंगाकडे या. आमच्या जिल्ह्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानतात, आणि शेगावची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते, त्यामुळे अभंग इथे कानावर पडतोच पडतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. ठेका मात्र आठ मात्रांचा. आता सांगा, सहा अक्षरं आठ मात्रांत बसवायची कशी? काही अक्षरं लांबवावी लागणार. एक वाटणी अशी होते: दीड, दीड, एक, दीड, दीड, एक. करा बेरीज, बरोबर आठ! प्रत्येक चालीत अशीच वाटणी असते असं नाही, पण हिशेब बसतो आणि कानालाही गोड लागतो. यातलं 'दीड, दीड, एक' हे चार मात्रांचं तुकडं क्युबातल्या संगीताचा पाया आहे, तिथे त्याला त्रेसियो म्हणतात. कुठे क्युबा आणि कुठे देऊळगाव राजा तालुका!

यावर आमचे हेच म्हणाले (ते भजनी मंडळात पेटी वाजवतात), "काहून एवढं मोजतं? दिंडीतली पोरं मोजतात का?" मुद्दा खरा आहे. दिंडीतलं पोर मोजत नाही. ते दोन मोठ्या माणसांच्या मध्ये टाळ घेऊन उभं राहतं, त्यांचं पाऊल पडलं की याचं पडतं. पंधरा दिवसांत लय अंगात शिरते. ज्याच्या नशिबी अशी दिंडी आहे त्यानं खुशाल मोजू नये. पण तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हेडफोन लावून एकट्यानं शिकणाऱ्या मुलीच्या शेजारी कोण उभं आहे? तिला मोजणं हाच आधार. चालायला लागलं की पांगुळगाडा सुटतो, तसं मोजणंही सुटतं. वृत्त शिकताना आपण लघु-गुरू बोटांवर मोजले, आता कविता वाचताना कोण मोजतं?

आणि 'मोजलं की गाणं मरतं' म्हणणाऱ्यांना एक सांगते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत हातानं ताल धरून दुगुण, तिगुण, चौगुण म्हणून दाखवावी लागते, पुढे आडसुद्धा, म्हणजे दोन मात्रांत तीन अक्षरं. (ही दीडपट गती झाली, दीडपट लांबी नव्हे. गती दीडपट झाली की अक्षर उलट आखूड होतं. मुलांना हा फरक सांगायला विसरू नका.) एवढं मोजूनच आपल्याकडे मोठमोठे कलावंत तयार झाले.

मला स्वतःला चौथीत असताना स्वातंत्र्यदिनाच्या समूहगीतात एका बाईंनी सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." का, ते सांगितलं नाही. चुकतं कुठे तेही नाही. पुढची पंचवीस वर्षं मी ओठच हलवले, देवळातल्या आरतीलासुद्धा. मग भजनी मंडळातल्या एका पखवाजवाल्या काकांनी तळहातावर बोटं मोजून दाखवली, आणि लक्षात आलं की मला ताल होता, मोजायला कोणी शिकवलं नव्हतं. नंतर माझ्या वर्गातल्या एकाही पोराला मी ओठ हलवायला सांगितलं नाही. लेझीम चुकणाऱ्याला पहिल्या रांगेत घेतलं, आणि मोजून घेतलं.

गणितात पोरगं चुकलं तर आपण उदाहरण पुन्हा सोडवून घेतो. लयीत चुकलं की मात्र 'उपजतच नाही' म्हणून मोकळे होतो. उपजत असणारी मुलं असतात, नाही असं नाही. पण ती शंभरात दोन-चार. बाकीच्यांनी काय आयुष्यभर ओठ हलवायचे?

तेव्हा मंडळी, आणि खास करून आपल्या घरातले पुण्या-मुंबईचे आणि साता समुद्रापारचे, एक करा. मुलांना वेळ सांगताना 'वन थर्टी' नको, दीड वाजला म्हणा. दूध पाऊण लिटर आणायला सांगा. आणि रात्री झोपताना पाच मिनिटं दिडकी म्हणा, टाळी देत. तुमच्यापैकी कोणाला औटकी शेवटपर्यंत येत असेल तर मला जरूर लिहून पाठवा. माझी साडेचोवीसच्या पुढे अडते.

नातीचा क्लास अजून चालू आहे. चौथा खंड कधी जमतो, कधी नाही. पण चुकलं की आता ती "ताल नाही" म्हणत नाही, "दोनच्या 'नि'वर गडबड झाली" म्हणते. कुठे चुकलं ते सांगता येतंय, माझ्या दृष्टीनं एवढं पुष्कळ झालं.