सशाची चरबी : दोष चाऱ्याचा की रक्ताचा?



सणासाठी घरचा ससा कापला आणि आतली चरबी हळदीसारखी पिवळी निघाली, की घरची माणसे घाबरतात. ‘कावीळ झालेली दिसते’ म्हणून सारे मांस कुत्र्यापुढे टाकले जाते. कधी गुर्द्याभोवती चरबीचा गोळा सापडतो, तेव्हा ‘खाणे जास्त झाले’ म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच पिंजऱ्यांतली पेंड बंद होते. दोन्ही वेळा आपण चाऱ्याकडे किंवा रोगाकडे पाहतो, आईबापांकडे पाहत नाही. ही चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम रंगाचे पाहू. हिरव्या चाऱ्यात गाजरातल्यासारखे पिवळे रंगद्रव्य असते. बहुतेक ससे ते शरीरात मोडून टाकतात, म्हणून त्यांची चरबी पांढरी राहते. काही सशांत हे काम करणारे जनुक बिघडलेले असते आणि रंग चरबीत साठतो. हा गुण आनुवंशिक असल्याची नोंद केंब्रिजच्या पीज यांनी १९२०च्या दशकात केली. २०१५ साली पोलंडच्या संशोधकांनी जनुकातला नेमका बिघाड शोधला.

नर आणि मादी दोघांचीही चरबी पांढरी असेल, पण दोघांत हा दोष लपलेला असेल, तर सरासरी चारांतले एक पिल्लू पिवळ्या चरबीचे निघते. तेही हिरवा चारा किंवा पिवळा मका खाल्ला तरच. म्हणजे गुण रक्तातून येतो, पण रंग चाऱ्यातून चढतो. अशा सशाचे मांस खाण्यास काही हरकत नाही. मात्र डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि आतले पडदेही पिवळे असतील, तर ती कावीळ समजावी, मांस खाऊ नये व पशुवैद्यांना दाखवावे.

आता चरबीच्या साठ्याचे. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात सशांच्या दोन शाखा वाढवल्या गेल्या : एक मांसात जास्त चरबी धरणारी, दुसरी कमी. चारा सारखाच होता, तरी काही पिढ्यांत दोन्ही शाखा स्पष्ट वेगळ्या झाल्या. सशासशांतल्या या फरकापैकी सुमारे निम्मा आनुवंशिक असल्याचे तेथे आढळले. जिवंत सशाची आतली चरबी दिसत नाही. म्हणून प्रत्येक मादीच्या पहिल्या वेतातली दोन पिल्ले नऊ आठवड्यांची झाल्यावर कापून तपासली, आणि त्यांवरून त्यांच्या भावंडांची निवड केली.

आपल्या दूधगंगाकाठी एवढी मोठी प्रयोगशाळा नाही. पण ससे आपणही कापतोच. त्या वेळी दोन गोष्टी वहीत लिहाव्यात : आई-बाप कोणते, आणि गुर्द्याभोवतीची चरबी किती व कोणत्या रंगाची. सारख्या वयाच्या व सारखा चारा खाल्लेल्या सशांचीच तुलना करावी. एकाच मादीची पिल्ले वेतामागून वेत जास्त चरबीची निघाली, तर तिच्या मुली पैदाशीला ठेवू नयेत. सगळ्याच माद्यांची पिल्ले तशी निघाली, तर दोष खुराकाचा. तेव्हा पेंड कमी करून मेथीघास वाढवावा.

आपल्याकडे उलटे घडते. सर्वांत गुबगुबीत मादी कौतुकाने पैदाशीला राखली जाते. अति लठ्ठ मादी नीट गाभण राहत नाही, आणि तिचा लठ्ठपणा रक्तातला असेल तर तो पिल्लांतही उतरतो. सख्ख्या भावंडांचा जोड लावण्याची सवयही सोडावी. लपलेले दोष त्यानेच वर येतात.

काही जण म्हणतील, चांगली जात आणली की झाले. राजस्थानातील अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि तिचे कोडाईकनालजवळचे मन्नवनूर केंद्र यांनी व्हाईट जायंट, सोव्हिएत चिंचिला अशा मांसल जाती जोपासल्या आहेत. जाती उत्तमच आहेत. पण एकाच जातीतही घराण्याघराण्यांत फरक असतो, आणि तो विकणाऱ्याच्या तोंडून कळत नाही. नवा नर घेण्याआधी एक वही घ्या.