दारू सुटली, भीती उरली

मला दारू सोडून चार वर्षं झाली. सोडतानाच्या त्रासाबद्दल लोक बरंच सांगतात. त्यानंतर काय होतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आज लिहितोय.

लष्करी रुग्णालयातून परतल्यावरची पहिली मेस पार्टी बिन्नागुडीला होती. उत्तर बंगालमधली छावणी, आजूबाजूला चहाचे मळे, बाहेर पाऊस. जिप्सीतून उतरलो आणि व्हरांड्याच्या पायरीशीच थांबलो. तळहात ओले, घसा कोरडा. आत वीस-पंचवीस माणसं, सगळी ओळखीची. नियंत्रण रेषेवर दोनदा राहून आलेला मी तिथे दहा मिनिटं उभा राहिलो आणि 'पोट बिघडलंय' असा निरोप देऊन घरी गेलो.

ही भीती जुनीच होती. मी तालुक्याच्या मराठी शाळेतून खडकवासल्याला आलो. मैदानात कधी मागे पडलो नाही, पण चार लोकांत इंग्रजीत बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. प्रबोधिनीत ते निभावलं, कारण कॅडेट गप्प असला तर कुणाची तक्रार नसते. पलटणीत आल्यावर शोध लागला, की दुसऱ्या पेगनंतर मला विनोद सुचतात. लोक हसायचे. 'पार्टीची जान' असं नाव पडलं. पंधरा वर्षं ते नाव मी रमच्या जोरावर राखलं. पुढे पार्टी नसलेल्या दिवशीही लागायला लागली, मग सकाळीही. शेवटी रुग्णालय, आणि मेडिकल कॅटेगरी खाली.

तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली. दारू मेंदूला तात्पुरती गुंगी आणते. रोज प्यायलं की मेंदू त्या गुंगीवर मात करायला स्वतःला जास्त सावध ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली तरी तो सावधपणा लगेच उतरत नाही, म्हणून धडधड, घाम, झोप उडणं. (म्हणूनच फार पिणाऱ्याने आपल्या मनाने एका दिवसात सोडू नये. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.) हा भाग काही आठवड्यांत ओसरतो. जो उरतो तो आपला मूळ स्वभाव. माझ्या बाबतीत उरला तो तालुक्याच्या शाळेतला घाबरा मुलगा. चाळिशीत तो पुन्हा समोर आला, तोही खांद्यावर कर्नलचे बिल्ले असताना.

आमच्या सीओंनी चांगल्या मनाने सांगितलं, "तू पार्टीला नाही आलास तरी चालेल, मी सांभाळून घेईन." मला हायसं वाटलं. पण पुढचे सहा महिने सगळ्यात वाईट गेले. एक पार्टी टाळली की पुढची दुप्पट अवघड वाटायची. बायको एकटी जायची आणि माझ्या वतीने कारणं सांगायची. एका शनिवारी, सगळे मेसमध्ये असताना, मी कॅन्टीनच्या दारूच्या काउंटरसमोर रांगेत उभा होतो. पुढे दोन माणसं होती. तिथून मी बाहेर पडलो. का पडलो, ते आजही नीट सांगता येत नाही.

मला परत माणसांत आणलं ते सुभेदार मेजर साहेबांनी. पलटणीचा स्थापना दिन जवळ आला होता. ते ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहब, पेन्शनर लोगों को बिठाने का काम आप देखिए." सल्ला नाही, सहानुभूती नाही, फक्त काम. त्या दिवशी मी दाराशी उभा राहून म्हाताऱ्या जवानांना खुर्च्या दाखवल्या, गुडघ्यांची आणि पेन्शनची चौकशी केली. तळहात ओलेच होते, पण हातांना काम होतं. एका ऑनररी कॅप्टन साहेबांनी विचारलं, "आप नहीं लेंगे?" मी म्हणालो, "नहीं साहब, छोड़ दी." ते म्हणाले, "अच्छा. तो चाय मँगवाते हैं." एवढंच. ज्या प्रश्नाला मी सहा महिने भीत होतो, तो चहावर मिटला.

म्हणून माझं मत सांगतो. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला पार्टीतून कायमची सुटी देणं ही दया नव्हे. पहिले काही आठवडे त्याला दूर राहू द्या, डॉक्टर सांगतील तितके दिवस. मग बोलवा, काम द्या, आणि तासाभराने निघाला तर अडवू नका. मी आजही तेच करतो. ठरवून जातो, हातात लिंबूपाणी धरतो, एका माणसाशी नीट बोलतो आणि वेळ झाली की निघतो. भीती गेलेली नाही. फक्त ती आता पायरीवर थांबवत नाही.

रमला माझा विरोध नाही. मेसमध्ये ती राहो. माझी विनंती ज्येष्ठांना आहे, कारण मेसमध्ये तुमचा शब्द चालतो. ग्लासात काय आहे हे विचारू नका. 'एकाने काय होतं' म्हणू नका. आमच्यासारख्यांचं सगळं त्या एकानेच होतं. आणि तुमच्यापैकी कुणी निवृत्तीनंतर घरात बसून एकटाच पीत असेल, तर त्यानेही हे वाचावं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सगळ्यांसाठी खुला आहे. फोन उचलायला मलाही लाज वाटली होती. ती फोन लागेपर्यंतच टिकते.

स्थापना दिनाला भेटूच. मी दाराशी असेन, खुर्च्या दाखवायला.