कॉस्च्यूम नसलेला हिरो

भाईंदर वेस्टला राहायचं म्हणजे लोकलमध्ये वाचायला वेळच वेळ. सध्या बॅगेत ‘वॉचमेन’ आहे, ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्सचं १९८६-८७चं कॉमिक. एका जुन्या सुपरहिरोचा खून होतो. मुखवटेवाला रोर्शाक तपासाला निघतो. बाकीचे हिरो? फारसं मनावरच घेत नाहीत!

मला आठवले तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी. ना केप, ना मुखवटा. हत्यार एकच, माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज. जमीन घोटाळे बाहेर काढले आणि १३ जानेवारी २०१० ला मॉर्निंग वॉकला गेले असताना त्यांचा खून झाला. तपासासाठी भाऊ वर्षानुवर्षं झगडला.

आणि आपण? सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिशोब विचारणाऱ्याला ‘कटकट्या’ म्हणतो. बॉस, पुढच्या वेळी निदान त्याच्या शेजारी तरी बसूया.